आफ्रिकेची तेले आणि वैद्याची कसोटी

गेल्या काही वर्षांत आपल्या औषधालयांच्या फळ्यांवर एक लक्षणीय बदल झाला आहे. पूर्वी जेथे तिळाचे, एरंडाचे, करंजाचे तेल आणि नारायण, महामाष, भृंगराज अशी सिद्ध तेले असत, त्यांच्याच शेजारी आता आर्गन, शिया, मरुला, बाओबाब अशा नावांच्या बाटल्या व डब्या मांडलेल्या दिसतात. ही सारी आफ्रिका खंडातील वनस्पतींची तेले. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांपुरता हा प्रकार असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड, केडगाव, कुरकुंभ या आपल्या भागांतही ही तेले मागितली जातात, विकली जातात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याविषयी वैद्याला प्रश्न विचारले जातात. अशा वेळी आपण काय उत्तर देतो, कोणत्या आधारावर देतो, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभी एक कबुली देणे आवश्यक वाटते. माझ्या शिरूर येथील दवाखान्याला जोडून एक लहानसे औषधालय आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या प्रतिनिधीच्या आग्रहास्तव मी तेथे केसांचे एक ‘आर्गन तेल’ ठेवले. बाटली देखणी होती, वेष्टनावर हिरवी पाने छापलेली होती आणि नफ्याचे प्रमाणही आपल्या नेहमीच्या तेलांपेक्षा बरेच अधिक होते. वेष्टनावरील बारीक अक्षरे मी वाचली नाहीत. दोन महिन्यांनी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी एक तरुणी कपाळावर व कानांमागे कंडू आणि पिटिका घेऊन आली. “तुमच्याच दुकानातून घेतलंय, डॉक्टर,” असे म्हणून तिने तीच बाटली टेबलावर ठेवली. तेव्हा भिंग घेऊन मी घटकांची यादी वाचली. प्रथम क्रमांकावर सिलिकॉनचा एक प्रकार, दुसऱ्यावर दुसरा प्रकार, मग सुगंधी द्रव्ये, आणि आर्गन अगदी शेवटून दुसरे. तेल बंद केल्यावर व साध्या उपचारांनी आठवडाभरात तिची त्वचा पूर्ववत् झाली. तो दोष आर्गनचा होता असे मी म्हणणार नाही; बहुधा सुगंधाचा असावा. परंतु जी वस्तू मी तपासली नाही ती माझ्या विश्वासावर तिने विकत घेतली होती. दोष कंपनीचा किती आणि माझा किती, हा हिशेब मी तेव्हापासून करीत आलो आहे.

या प्रसंगानंतर आपल्या व्यवसायबंधूंशी बोलताना दोन टोकांची मते ऐकावयास मिळाली. एक मत असे की, ही परदेशी तेले आपल्या दारात येऊच देऊ नयेत. आपल्या देशात, आपल्या मातीत उगवते तेच आपल्या प्रकृतीला मानवते. दुसरे मत औषधालय चालविणाऱ्यांचे: ग्राहक मागतो ते ठेवावेच लागते, नाहीतर तो शेजारच्या दुकानात जातो. ही दोन्ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. द्रव्याची परीक्षा दोन्हींत नाही. एक त्याचा जन्मगाव पाहतो, दुसरा त्याचा खप.

आफ्रिका आपल्या घरात पूर्वीपासून आहे

प्रथम जन्मगावाचा मुद्दा घेऊ. एरंड ही वनस्पती मूळची ईशान्य आफ्रिकेतील, विशेषतः इथिओपियाच्या परिसरातील, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. इजिप्तमधील एबर्स पपायरस या ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकातील वैद्यकीय लेखात एरंडाचा उपयोग आढळतो. हाच एरंड चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 25 व्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात वृष्य व वातहर द्रव्यांत श्रेष्ठ म्हणून सांगितला, आणि 13 व्या अध्यायात विरेचनासाठी सर्व तेलांत एरंडतेलाला अग्रस्थान दिले. आज शिरूर-दौंडच्या बांधावर, उकिरड्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी न लावता उगवणारा एरंड परका आहे असे कोणास वाटत नाही. आमवाताच्या चिकित्सेतून एरंडस्नेह वगळला तर आपल्या हाती काय उरेल, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

दुसरे उदाहरण कारळ्याचे. कारळा, ज्यास काही भागांत खुरासणी म्हणतात, त्याचे मूळ स्थानही इथिओपियाचे पठार होय. तेथे त्यास ‘नूग’ म्हणतात व त्याचे तेल स्वयंपाकात वापरतात. इथिओपिया आणि भारत हे दोनच देश हे पीक पूर्वापार महत्त्वाने घेत आले. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांवर ते होते, आणि पूर्वेकडील आपल्या भाकरीच्या ताटात चटणीच्या रूपाने येते. ही चटणी आफ्रिकेची आहे असे सांगितले तर आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया हसतील.

तिसरे उदाहरण कमी सुखद आहे. पाम वृक्ष मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. तेथील लोक त्याच्या फळाचे तांबडे, कॅरोटिनयुक्त तेल शतकानुशतके स्वयंपाकात वापरीत आले आहेत. 1848 साली जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची चार रोपे लावली गेली आणि पुढे आग्नेय आशियात त्याच्या अफाट बागा झाल्या. आपल्याकडे येते ते तेल त्या बागांतील. शुद्धीकरणात त्याचा तांबडा रंग व त्याबरोबर कॅरोटिनही नाहीसे झालेले असते. फरसाण, बिस्किटे, तयार तळलेले पदार्थ, साबण यांची वेष्टने वाचली तर पाम किंवा पामोलीन हे शब्द वारंवार दिसतील. जो गृहस्थ ‘परदेशी तेल नको’ असे आवेशाने सांगतो, त्याच्या पोटात सकाळच्या चहाबरोबर आफ्रिकेचा एक वृक्ष गेलेलाच असतो.

याच्या उलट, ‘आफ्रिकन ऑइल्स’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या संचात मी मोरिंगा तेलाची बाटली पाहिली आहे. मोरिंगा म्हणजे आपला शेवगा, मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा. चरकाचार्यांनी स्नेहाध्यायात जी 18 स्थावर स्नेहयोनींची गणना केली आहे, तिच्यात शिग्रु आहेच. म्हणजे बांधावरचे शेवग्याचे झाड आपले, शास्त्र आपले, आणि बाटलीवरचे नाव मात्र आफ्रिकेचे.

एरंडाच्या बाबतीत तर याहून मौज आहे. हल्ली ‘जमैकन ब्लॅक कॅस्टर ऑइल’ या नावाचे काळसर तेल केसांसाठी मोठ्या किमतीस विकले जाते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या लोकांनी जपलेली ती रीत आहे: एरंडाच्या बिया भाजावयाच्या, कुटावयाच्या, पाण्यात उकळावयाच्या आणि वर येणारे तेल काढून घ्यावयाचे. आपल्या खेड्यांतील जुन्या बायका घरगुती एरंडेल याच रीतीने काढीत असत. त्या लोकांनी इतक्या हालअपेष्टांत आपली विद्या टिकविली याबद्दल मला आदरच वाटतो. प्रश्न आपल्याला विचारावयाचा आहे, की आपण आपली तीच विद्या का सोडली.

स्वदेशी म्हणून निर्दोष?

आता याच मुद्द्याची दुसरी बाजू पाहू, आणि ती आपल्या तालुक्यांना अधिक झोंबणारी आहे. भीमा व घोड नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी आणि हरभऱ्याबरोबर करडई पिढ्यान् पिढ्या होत आली. ज्वारीच्या काही तासांनंतर करडईचे एक तास, शिवाय जनावरे आत शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने काटेरी करडई, अशी रीत होती. काटे मऊ असतात म्हणून पहाटेच्या दवात तिची काढणी होत असे. सोलापूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या करडईच्या एका वाणाचे नावही ‘भीमा’ असेच आहे. गावोगावच्या घाण्यांवर ती गाळली जाई आणि भाकरीबरोबर, चटणीवर, कालवणात तेच तेल असे. पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, कांदा आला. करडई मागे पडली आणि बहुतेक घाणेही बंद झाले. या करडईविषयी आपल्या सर्वांच्या मनात ममत्व आहे, माझ्याही आहे.

परंतु शास्त्र काय म्हणते? ज्या अग्र्यसंग्रहात चरकाचार्यांनी एरंडाचा गौरव केला, त्याच अध्यायात स्थावर स्नेहांमध्ये सर्वांत अहितकर म्हणून कुसुम्भाच्या, म्हणजे करडईच्या, तेलाचे नाव आहे. वाग्भटाचार्यांनीही अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात 5 व्या अध्यायात जवस व करडई यांची तेले उष्ण आणि त्वग्दोष, कफ व पित्त उत्पन्न करणारी सांगितली आहेत. म्हणजे आफ्रिकेतून आलेला एरंड अग्र्य, आणि आपल्या शिवारातील करडई अहितकर! ‘आपले ते पथ्यकर’ हा नियम असता तर आचार्यांनी असे लिहिले नसते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आधुनिक वैद्यकाने मात्र करडईची मुक्तकंठाने स्तुती केली. तिच्यात लिनोलेइक आम्ल साधारण पाऊणपट असते व ते रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविते, म्हणून हृदयरोग्यांना तिची शिफारस होऊ लागली. नंतर 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सिडनी येथील एका जुन्या चाचणीचे पुनर्विश्लेषण प्रसिद्ध झाले. 1966 ते 1973 या काळात 458 हृदयरोगी पुरुषांवर झालेल्या त्या चाचणीत संतृप्त स्निग्धांच्या जागी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्जरिन दिलेल्या गटात कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले. हे वाचून आपल्यापैकी काहींनी ‘चरकांचे म्हणणे सिद्ध झाले’ असे उद्गार काढले. मला तो उतावळेपणा वाटतो. चाचणी लहान होती, रोगी आधीच हृदयविकाराचे होते, मार्जरिनचाही त्यात भाग होता. एका चाचणीने चरक सिद्ध होत नाहीत, आणि एका चाचणीने ते असिद्धही होत नाहीत. जे आपल्याला अनुकूल तेवढेच आधुनिक संशोधन उचलावे, ही सवय आपल्या विश्वासार्हतेस फार महाग पडते.

मग आमच्या भागातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या करडईवर कसा जगला? याचे उत्तर त्याच 25 व्या अध्यायात आहे. अग्निवेशाने हिताहिताचे लक्षण विचारले असता आत्रेयांनी सांगितले की मात्रा, काल, क्रिया, भूमी, देह आणि दोष यांच्या भेदाने हितकर द्रव्य अहितकर होते व अहितकर द्रव्यही हितकर ठरू शकते. ताजे, घाण्याचे, थोडे तेल, थंडीचे दिवस, ज्वारीची रूक्ष भाकरी, दिवसभराचे कष्ट. या संदर्भात करडईचे उष्णत्व त्याला सोसले. तेच तेल बसून काम करणाऱ्या, पित्तप्रकृतीच्या, त्वग्विकार असलेल्या माणसाला बारा महिने देणे ही वेगळी गोष्ट आहे. आपली खरी कसोटी ही सहा पदांची आहे. देशी तेलासही तीच, आफ्रिकेच्या तेलासही तीच.

कसोटी लावून पाहू

आर्गन हा वृक्ष मोरोक्को देशाच्या नैर्ऋत्य भागातील अर्धशुष्क प्रदेशात वाढतो. त्या प्रदेशास युनेस्कोने 1998 साली जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, आणि 2014 साली आर्गनविषयक पारंपरिक ज्ञानाची अमूर्त वारशात नोंद केली. तेथील स्त्रिया कठीण कवच दगडाने फोडून आतील गर काढतात. खाण्याचे तेल करावयाचे असेल तर तो गर भाजून घेतात; त्वचेसाठी करावयाचे असेल तर न भाजता गाळतात. खाण्याच्या तेलात बदाम व मध मिसळून ‘आम्लू’ नावाचा पदार्थ करतात व तो भाकरीबरोबर खातात. गुराखी, धनगर व वनवासी यांच्याकडून वनस्पतींचे नाम व रूप जाणून घ्यावे असे आपले शास्त्र सांगते. त्या न्यायाने या स्त्रियांचे ज्ञान आपल्याला आदरणीयच आहे. संस्कारभेदाने एकाच बीजाच्या तेलाचा उपयोग बदलतो, हे त्यांना कोणी ग्रंथ वाचून शिकविलेले नाही.

हा भेद आपल्याकडे न समजल्याने काय होते याचे एक उदाहरण सांगतो. आठवड्यातून एक दिवस मी न्हावरे-चौफुला मार्गे दौंड तालुक्यात रुग्ण पाहण्यास जातो. तेथे एका आजींनी मला विचारले, “डॉक्टर, नातवानं दुबईवरून हे गुडघ्याचं तेल आणलंय. चांगलं महाग आहे म्हणं. पोटातनं घेतलं तर लवकर गुण येईल का?” त्यांनी ते चार दिवस कारळ्याच्या चटणीवर घेतलेही होते. बाटलीवर ‘केवळ बाह्य उपयोगासाठी’ असे इंग्रजीत छापले होते. सुदैवाने त्यांना काही अपाय झाला नाही. पण मला हे टोचले की नातवाने आणले, शेजाऱ्यांनी वाखाणले, आणि चार दिवसांत कोणीही ती ओळ त्यांना वाचून दाखविली नाही.

आता आर्गनच्या गुणांकडे येऊ. त्यातील स्निग्ध आम्लांची घडण, म्हणजे ओलेइक व लिनोलेइक यांचे प्रमाण, आपल्या तीळतेलाच्या बरीच जवळची आहे. दोन्हींत गॅमा-टोकोफेरॉल हा ई जीवनसत्त्वाचा प्रकार प्रामुख्याने असतो. तिळात याखेरीज सेसामिन व त्याच्या वर्गातील द्रव्ये आहेत, ज्यांमुळे ते लवकर खवट होत नाही. तेव्हा कोरड्या केसांसाठी वा रूक्ष त्वचेसाठी जो गुण तीळतेलाने मिळत नाही व केवळ आर्गनने मिळतो, तो दाखवून देण्याचा भार विकणाऱ्यावर आहे. छोट्या बाटलीभर शुद्ध आर्गनच्या किमतीत घाण्याचे तीळतेल काही लिटर येते, हेही रुग्णास सांगितले पाहिजे. मात्र तीळतेल उष्ण व तीक्ष्ण आहे. ज्यांना ते अभ्यंगातही सोसत नाही असे पित्तप्रधान रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशांच्या बाबतीत एखादे निराळे तेल उपयोगी पडेल काय, याची प्रामाणिक परीक्षा करण्यास वाव आहे, आणि ती करण्यास माझी हरकत नाही.

शिया हा सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यातील वृक्ष. त्याच्या बियांचा स्नेह सामान्य तापमानाला घट्ट असतो. स्टिअरिक व ओलेइक ही त्यातील मुख्य आम्ले. पश्चिम आफ्रिकेत तो तळण्यास, कालवणात, आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला लावण्यासही वापरतात. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोच्या स्नेहाला पर्याय म्हणून वापरला जातो. आर्गन, शिया आणि आपला मोह हे तिन्ही वृक्ष वनस्पतिशास्त्रानुसार एकाच कुलातील आहेत. बकुळ आणि चिकूही त्याच कुलातील. आणि मधूक, म्हणजे मोह, चरकांच्या 18 स्नेहयोनींत आहे. आचार्यांनी आफ्रिकेतील भाऊबंद पाहिले नव्हते, पण त्या कुलाच्या बीजातील स्नेहाचे महत्त्व त्यांना ज्ञात होते.

मार्गशीर्ष-पौषातील कोरड्या वाऱ्यात ऊसतोडणी करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या टाचा मी दरवर्षी पाहतो. भेगांतून रक्त येते, रात्री झोप लागत नाही. येथे काल शीत, देह रूक्ष, दोष वात, भूमी जांगल, क्रिया अतिश्रमाची. अशा पायाला घट्ट, टिकून राहणारा स्नेह हवा. शिया येथे उपयोगी पडेल यात शंका नाही. परंतु कोकणातील कोकमाच्या बियांचे तेल, ज्याला तेथे मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात, तेही स्टिअरिक व ओलेइक आम्लांचेच, शियापेक्षा किंचित अधिक घट्ट, आणि पायाच्या भेगांसाठी पिढ्यान् पिढ्या वापरलेले. ते आपल्या राज्यात होते, स्वस्त आहे आणि त्याचा अनुभव आपल्यापाशी आहे. ऊसतोड कामगाराला शियाची डबी सुचविणारा वैद्य कदाचित चुकत नसेल. पण त्याला कोकमतेल माहीतच नसेल तर तो नक्कीच चुकतो.

अनुक्त द्रव्य आणि वेष्टनावरील शब्द

ग्रंथांत न आलेले द्रव्य त्याज्य आहे असे आयुर्वेद मानीत नाही. योग्य युक्तीने व योग्य प्रयोजनाने वापरल्यास औषध नाही असे द्रव्य जगात नाही, हा तर चरकांचाच सिद्धान्त. सोळाव्या शतकात फिरंग रोग आला तेव्हा भावमिश्रांनी बाहेरून आलेल्या चोपचिनीला आपल्या ग्रंथात स्थान दिले. हे आपल्या शास्त्राचे सामर्थ्य आहे. परंतु अनुक्त द्रव्य स्वीकारणे म्हणजे त्याचे रस, वीर्य, विपाक कल्पनेने लिहून टाकणे नव्हे. एका माहितीपत्रकात मी आर्गन ‘मधुर, शीत, त्रिदोषघ्न’ असे छापलेले वाचले. हे कोणी ठरविले? किती रुग्णांवर, कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रकृतीत पाहून ठरविले? तेल आपल्या योनीसारखे असते हे वाग्भटांचे सूत्र दिशा दाखविते. पण ती योनी आपण पाहिलेली, चाखलेलीही नसेल तर त्या सूत्राचा आधार घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

याची कायदेशीर बाजूही आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 याच्या पहिल्या अनुसूचीत आयुर्वेदाचे प्रमाणग्रंथ दिलेले आहेत. आयुर्वेदीय औषध त्या ग्रंथांतील पाठाप्रमाणे असावे लागते, आणि स्वामित्व औषधातील घटकही त्या ग्रंथांतील योगांमध्ये उल्लेखिलेले असावे लागतात. आर्गन वा शिया तेथे नाहीत. म्हणून ती सौंदर्यप्रसाधने होत, आयुर्वेदीय औषधे नव्हेत. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 अन्वये आयात केलेल्या प्रसाधनाची नोंदणी आवश्यक आहे, आणि वेष्टनावर 1 टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. हा एक नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ उलगडा होतो. यादीत आर्गन कोठे आहे ते पाहा, सुगंधी द्रव्याच्या आधी की नंतर, म्हणजे आपण नक्की काय विकतो आहोत ते कळेल. मी हे उशिरा शिकलो.

आपण काय करावे

औषधालयाच्या मालकांची अडचण मी नाकारीत नाही. रांजणगावच्या वसाहतीतून सायंकाळी सुटणारी तरुण मुले-मुली जे मोबाइलवर पाहतात तेच मागतात, आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविणे व्यवहारात परवडत नाही. तेव्हा ही तेले ठेवू नयेत असा माझा आग्रह नाही. माझी सूचना चार गोष्टींची आहे.

पहिली, ही तेले प्रसाधनांच्या वेगळ्या फळीवर ठेवावीत. नारायण तेलाच्या शेजारी ठेवली की ग्राहक त्यांना आपल्या शास्त्राची मान्यता आहे असे समजतो, आणि तसे समजू देणे ही मूक असत्योक्तीच होय.

दुसरी, वेष्टनावरील पूर्ण यादी वाचल्याशिवाय कोणतेही तेल मागवू नये. खाण्याचे व लावण्याचे तेल यांतील भेद, विशेषतः आर्गनच्या बाबतीत, विक्रीच्या वेळी मराठीत स्पष्ट सांगावा. कोणतेही नवे तेल प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहण्यास सांगावे.

तिसरी, ग्राहकाने आर्गन मागितले असता त्याला काय हवे आहे ते विचारावे. केस कोरडे आहेत, की गळतात, की कोंडा आहे? पुष्कळदा त्याच प्रयोजनासाठी ताजे तीळतेल, खोबरेल किंवा एखादे सिद्ध तेल पुरेसे असते. ते सांगितल्यावरही त्याला आर्गनच हवे असेल तर आनंदाने द्यावे. पण यासाठी आपल्याकडील देशी तेल उत्तम असले पाहिजे. खवट तीळतेल फळीवर ठेवून परदेशी तेलाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या भागात लाकडी घाणे पुन्हा सुरू होत आहेत. त्यांच्याकडून बीज कोणते, गाळले केव्हा, हे विचारून तारखेसह माल घेण्याची शिस्त आपण लावू शकतो. त्यातून एखाद्या शेतकऱ्याला ज्वारीत पुन्हा तीळ वा करडईचे तास टाकावेसे वाटले तर ते या चर्चेचे मोठे फळ ठरेल.

चौथी सूचना वैद्यांसाठी आहे. प्रत्येकाने एक साधी वही ठेवावी. तेलाचे नाव, घटक, रुग्णाची प्रकृती, ऋतू, स्थान, मात्रा, कालावधी आणि परिणाम, मग तो चांगला असो वा वाईट. शिरूर व दौंड तालुक्यांतील दहा-बारा वैद्यांनी एक हिवाळा व एक उन्हाळा अशा नोंदी ठेवल्या, तीळ, कोकम, शिया व आर्गन यांची तुलना केली, तर ते मोठे संशोधन होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण कल्पनेने लिहिलेल्या गुणपाठापेक्षा ते निश्चितच अधिक मोलाचे असेल. माझ्या नोंदींत ज्या रुग्णांना तीळतेल सोसले नाही त्यांचीही नावनिशी न देता पूर्ण हकीकत असेल.

अशा नोंदी ज्यांनी ठेवल्या असतील किंवा ठेवण्याची इच्छा असेल, त्यांनी पुढील त्रैमासिक सभेत त्या सोबत आणाव्यात, अशी विनंती आहे. माझ्या मताहून वेगळे मत असणाऱ्यांनी, विशेषतः करडईविषयी ज्यांचा अनुभव ग्रंथवचनाच्या विरुद्ध असेल त्यांनी, याच पृष्ठांतून अवश्य लिहावे. त्या वादातून आपले ज्ञान वाढेल. रांजणगावच्या त्या मुलीने पुन्हा माझ्यासमोर बाटली ठेवली तर तिला अधिक चांगले उत्तर देता यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

अलमिति विस्तरेण.